गल्फला जाणारा वेल्डर आणि व्हिजिट व्हिसा

‘जागतिकीकरणाने सीमा खुल्या झाल्या म्हणून माणसं बाहेर पडतात’ असं म्हणतात; गल्फला जाणाऱ्या कामगारांकडे पाहता हे मत अर्धंच पटतं. न्हावा-शेवा बंदरातला कंटेनर दुबईला बिनबोभाट जातो, माणसाचं तसं नाही. तळोजा एमआयडीसीतल्या वेल्डरकडे दहावीचा दाखला नसेल तर त्याचा पासपोर्ट बहुधा ईसीआर (‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) निघतो, आणि सौदी, कतार, यूएई धरून १८ देशांत नोकरीला जायला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली मंजुरी लागते.

घोळ इथेच होतो. परवानाधारक एजंटाला फार तर ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. बिनपरवान्याचा एजंट कितीतरी जास्त उकळतो आणि व्हिजिट व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी नसलेल्या पाहुण्याच्या व्हिसावर, धाडतो. मग ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर करार नाही, प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं कवच नाही. तिकडे पगार कापला तर दाखवायला कागद नाही, आणि इथे दागिने गहाण, त्यामुळे परतायचीही सोय नाही.

‘गरिबीमुळेच जातात’ हेही सरसकट नको. हातावर पोट असलेल्याला एवढे पैसे उभे करणंच जमत नाही. जातो तो बहुतेकदा ज्याचा मावसभाऊ आधीच तिकडे आहे असा. बेलापूर-वाशीत कुणी गल्फच्या नोकरीसाठी एजंटाकडे जात असेल तर पासपोर्ट हाती देण्याआधी एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर ताडून बघा.