आय७ दिसला की उडी मारू नका

भाचीच्या इंजिनिअरिंगसाठी पुण्याच्या तापकीर गल्लीत बघितलेला जुना आय७ लॅपटॉप घ्यावा की त्याच किमतीचा आय५ (दोन्ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं), असा मूळ प्रश्न आहे आणि वरच्या उत्तरांत बहुतेकांनी डोळे झाकून आय७ सांगितलाय. मला नाही पटत.

नुसतं 'आय७' अर्धवट आहे, पुढचा आकडा वाचा. आय७-७५००यू मधला डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी जनरेशन (पिढी), २०१६ची. कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच, थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) चार. पुढच्याच वर्षी आलेल्या आय५-८२५०यू मध्ये कोर चार, थ्रेड आठ. नावाने धाकटा, कामाला थोरला! शिवाय सातवी जनरेशन (एखाददुसरा अपवाद सोडून) विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीतच नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. नावातला शेवटचा 'यू' म्हणजे वीज कमी खाणारा. 'एच' असेल तर ताकद जास्त, पण बॅटरी लवकर उतरते.

गिगाहर्ट्झवरून (प्रोसेसरच्या वेगाचा आकडा) वरच्या उत्तरांत जी हाणामारी चाललीय ती सोडा. वेगवेगळ्या जनरेशनची त्यावरून तुलना होत नाही.

दुकानदार "एकदम टकाटक आहे साहेब" म्हणणारच. तिथेच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधलं 'परफॉर्मन्स' उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोर, रॅम, सगळं समोर येतं. डिस्कपुढे एचडीडी (जुन्या पद्धतीची, हळू हार्ड डिस्क) दिसलं तर नव्या एसएसडीचे (तिच्याहून वेगवान डिस्क) पैसे भावातून कापून मागा. रॅम ८ जीबी असेल तर वाढवता येते का ते आधी विचारा, बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच (आतल्या मुख्य सर्किट बोर्डला) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली असते.