जुनी मसल कार घेताना आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

डेट्रॉइटकर:
आमच्या इथल्या मराठी मंडळींत सध्या जुन्या अमेरिकन मसल कारचं, म्हणजे दमदार इंजिनाच्या गाड्यांचं, वेड शिरलंय. महिन्याभरात तिघांनी विचारलं, "फोर्ड मस्टँग बघायला चाललोय, काय तपासू?" आणि तिघांचाही पहिला प्रश्न इंजिनाचा. माझं मत स्पष्ट आहे: इंजिन सगळ्यात शेवटी बघा.

मी १९६७ ची फास्टबॅक, म्हणजे मागे उतरत्या छताची मस्टँग, घेतली तेव्हा लालभडक रंग बघून आणि व्ही-८ ची, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची, घरघर ऐकून तिथेच विरघळलो. पहिल्याच मोठ्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट चिंब. १९६५ ते ६८ च्या मस्टँगचं हे जुनं दुखणं. पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी असते. तिच्याखाली पन्हाळ आणि पन्हाळीतल्या भोकांभोवती पत्र्याची उभी कड, पाणी आत जाऊ नये म्हणून. पालापाचोळा साचून नेमकी तीच कड कुजते आणि पाणी थेट आत गळतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. दुरुस्तीला दोन्ही मडगार्ड उतरवा, स्पॉट वेल्डचे टाके एकेक करून ड्रिलने उडवा, मग आतला पत्रा बदला. माझी गाडी सात महिने गॅरेजात पडून होती.

म्हणून जाताना पाण्याचा कॅन न्या. मालकाला विचारून जाळीत दोन-तीन तांबे पाणी ओता, डॅशबोर्डखाली डोकं घाला आणि बॅटरी मारून बघा. कार्पेट उचलू देत नसेल तर परत फिरा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्राच तिचा कणा आहे. शॉक टॉवरला (इंजिनाच्या दोन्ही बाजूंना शॉक ॲब्सॉर्बर धरणारा पत्र्याचा भाग) भेगा किंवा ठिगळं दिसली तर रंग कितीही चकाचक असो, हात जोडा.

व्ही_आठ:
असहमत. मस्टँगच्या पत्र्याचा इतका बाऊ कशाला? फ्लोअर, मडगार्ड, दरवाजे सगळं नवीन मिळतं. डायनाकॉर्न कंपनी तर अख्खा सांगाडा बनवून विकते. इंजिन मात्र आतून काय आहे ते कळत नाही, फसवणूक तिथेच होते.

मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवलंय असं समजा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती उतरतं ते बघा, आणि आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. शिवाय ही इंजिनं शिसंयुक्त पेट्रोलवर चालायची, ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठका झिजू देत नसे. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का, ते विचारा. पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर त्याच दिवशी बदला, आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने ते पिचतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि पत्रा बघायचाच तर लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तिथे पुट्टी, विषय संपला.

डेट्रॉइटकर:
पत्रा मिळतो हो, पण तो बसवणारा हात तासावर पैसे घेतो. इंजिन दोन दिवसांत उतरतं, मशीन शॉपला जातं आणि परत येतं. वाकडा जोडलेला सांगाडा सरळ करायला किती तास लागतील, ते कामाला हात घातल्याशिवाय कुणी सांगत नाही. इथेनॉलबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

पत्र्याचा_माणूस:
चुंबकाबद्दल एक दुरुस्ती. त्या काळी अनेक गाड्यांत छत आणि मागच्या मडगार्डाचा जोड कारखान्यातच शिशाने भरून गुळगुळीत करत. तिथे चुंबक चिकटणार नाही, तरी गाडी निर्दोष असू शकते. दरवाजाच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर चिकटला नाही तर मात्र सावध व्हा. आणि छतावर व्हिनाइलचं आवरण असेल तर मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत अंगठ्याने दाबा. फुगवटा मऊ लागला तर आत गंज आहे.

कॅन्ससची_ताई:
तुम्ही दोघं कागदांबद्दल बोलतच नाही! मला शेव्हरोलेची शेव्हेल हवी होती. 'एसएस ३९६' (३९६ घनइंची इंजिनाची दमदार आवृत्ती) म्हणून दाखवलेली १९६७ ची गाडी पाहिली, सगळे बिल्ले जागच्या जागी. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३६ ने सुरू होत होता. १९६६ ते ६८ च्या खऱ्या एसएस ३९६ चा १३८ ने सुरू होतो. म्हणजे साध्या शेव्हेल मालिबूला बिल्ले चिकटवलेले. १९६९ पासून एसएस हा पर्याय म्हणून मिळू लागला, मग व्हीआयएनवरून काहीच कळत नाही. कारखान्याची बिल्डशीट (गाडीत काय बसवायचं त्याचा कागद) लागते, ती बरेचदा पेट्रोल टाकीच्या वर अडकलेली सापडते. पत्रा आणि इंजिन दुरुस्त होतं, खोटी ओळख होत नाही.

रविवारी_रपेट:
ताई, ज्याला चालवायचीच आहे त्याने खऱ्या-खोट्याची एवढी चिंता का करावी? क्लोन (अशी नक्कल) घ्यावी, फक्त क्लोनच्या भावात घ्यावी. मी तर आधी ब्रेक बघेन. १९६७ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन सर्किटचा ड्युअल मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवलेली गाडी मला 'ओरिजिनल'पेक्षा जास्त प्यारी. मागच्या सीटवर माझी मुलं बसतात.

नवखी_६६:
सगळं लिहून घेतलं. शनिवारी १९६६ ची मस्टँग हार्डटॉप (पक्क्या छताची) बघायला चाललेय, व्ही-८ आहे म्हणतात. व्हीआयएनमध्ये 'आर' आहे, म्हणजे सॅन होजेच्या कारखान्यातली. कॅलिफोर्नियाची गाडी म्हणजे गंज नाही, असं धरू का?

डेट्रॉइटकर:
नाही. 'आर'वरून जन्म कळतो, पुढची पन्नास वर्षं ती कुठे राहिली ते नाही. आमच्या इथे बर्फ वितळवायला मीठ टाकतात त्या रस्त्यांवर दहा हिवाळे काढले असतील तर संपलं. पाणी ओताच.

व्ही_आठ:
आणि त्याच व्हीआयएनचं पाचवं अक्षर वाचा. सी, ए किंवा के असेल तर गाडी २८९ घनइंची व्ही-८ घेऊनच निघाली. टी असेल तर ती सहा सिलिंडरची, व्ही-८ नंतर कुणीतरी घुसवलंय. मग चाकांचे नट मोजा. सहा सिलिंडरच्या गाडीला चार, व्ही-८ ला पाच. चारच असतील तर इंजिन बदललं, पण मागचा ॲक्सल आणि ब्रेक हलक्या गाडीचेच राहिलेत. कॉम्प्रेशन गेज नसेल तर माझं पाठवतो, शुक्रवारपर्यंत पोचेल.