ही बीसीसीआय क्रिकेटवाली नव्हे!

बीसीसीआय म्हणजे बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल ही ड्रग्जच्या पैशापायी बुडाली, असं कुणी कुणी म्हणतं. तो भाग चमचमीत आहे खरा. १९८८ मध्ये फ्लोरिडात अमेरिकी कस्टम्सच्या गुप्त अधिकाऱ्याने स्वतःच्या खोट्या लग्नाचं आवतण धाडलं आणि पाहुणे म्हणून आलेले, ड्रग्जचा पैसा फिरवणारे बँकवाले लग्न लागायच्या आत बेड्यांत अडकले! पण बँक त्याच्या कितीतरी आधीच पोखरली गेली होती. पाकिस्तानी बँकर आगा हसन अबेदींनी १९७२ मध्ये काढलेल्या या बँकेची रचनाच तशी. एक कंपनी लक्झेंबर्गमध्ये, दुसरी केमन बेटांवर आणि सूत्रं लंडनमधून. १९८७ पर्यंत दोन्हींचे ऑडिटरही वेगळे, त्यामुळे अख्खा हिशेब एका टेबलावर यायचाच नाही. गोकल कुटुंबाच्या जहाज कंपन्यांकडची प्रचंड कर्जं थकली, तर ठेवीदारांचेच पैसे फिरवून खाती धडधाकट दाखवायची. ५ जुलै १९९१ ला टाळं लागलं, तेव्हा स्कॉटलंडमधल्या वेस्टर्न आयल्स कौन्सिलचेसुद्धा सुमारे २.३ कोटी पौंड आत अडकले. आता नगरपालिकेने तिथे पैसे ठेवलेच का, असं विचारू नका. व्याज जरा जास्त मिळत होतं. मुंबईच्या शाखेचं मात्र निभावलं, तिचा कारभार पुढे स्टेट बँकेच्या उपकंपनीने घेतला.