भरलेल्या काडतुसाची पुंगळी म्हणावी का?

देवगडची अनुवादिका: रिव्हॉल्व्हरच्या इतिहासावरचा लेख मराठीत करतेय. १८९५ च्या नागां रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात गोळी तोंडापर्यंत न येता पूर्ण आत बुडालेली असते. चाप ओढताना सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतं, बार झाला की पितळी तोंड फटीत फुगून बसतं आणि वायू निसटत नाही. त्या पितळी भागाला मी ‘पुंगळी’ लिहिलं. काका म्हणाले, पुंगळी म्हणजे उडालेली, रिकामी. मग भरलेली असताना काय म्हणायचं?

खारेपाटणकर: काका बरोबर. पंचनाम्यात ‘जिवंत काडतूस’ वेगळं आणि ‘पुंगळी’ वेगळी.

अण्णा: ‘कोश’ हा सुंदर शब्द असताना पुंगळी कशाला?

मालवणी मेवा: कोश म्हटल्यार माका रेशमाचो किडो दिसता. करटी म्हणा. आतलां खोबरां म्हणजे दारू!

रानातला: शब्द नाही, कारण आपल्याकडे ती वस्तूच नव्हती. आमचे आजे शेतीच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगायचे, रानडुकरांसाठी. नळीत दारू, काथ्याचा बोळा, गजाने ठासणी, छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी केप, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणारी टोपी. तोवर डुक्कर पुढच्या वाडीत. कोल्टची १८५१ ची नेव्ही रिव्हॉल्व्हरसुद्धा ठासणीचीच, फक्त सिलिंडरच्या सहा खणांत सहा वेळा. फ्रान्सच्या लफोशोच्या काडतुसाला बुडाजवळ आडवा खिळा बाहेर आलेला, घोडा त्यावर पडायचा. खिशात कुठे आपटला म्हणजे संपलंच! १८५७ ला स्मिथ अँड वेसन कंपनीच्या .२२ काडतुसात पेटणारा मसाला थेट बुडाच्या काठात भरला. पण काठ चेपायला पत्रा पातळ हवा, म्हणून जोरदार बार भरता येईना. पुढे जाड बुडाच्या मधोमध टोपी आली. कोल्टचं .४५ काडतूस (१८७३) त्यातलंच.

अनुवादिका: म्हणजे रिमला ‘काठ’ चालेल?

रानातला: पळेल. काडतूस खणातून पुढे घसरू नये म्हणून अडतो, तो काठच की.

खारेपाटणकर: मुळात काडतूस म्हणजे काडी + तूस. भाताच्या तुसासारखं वरचं आवरण! म्हणजे तुमची ‘केस’ (पुंगळीचं इंग्रजी नाव) शब्दातच आहे. नाहीतर हिंदी ‘कारतूस’मधल्या र चा आपल्याकडे ड कुठून झाला?

अण्णा: ओढूनताणून आणलेलं आहे हे. पोर्तुगीज ‘कार्तूशु’, त्याच्या मागे कागदाच्या सुरळीचा इटालियन शब्द. १८५७ ला शिपायांनी दातांनी फाडायची ती काडतुसं कागदाचीच होती. पितळ नंतरचं.

वेंगुर्लेकर: ड हवाय ना? डच भाषेत ‘कार्डूस’ म्हणजे तोफेच्या दारूची पिशवी. आणि आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. पुरावा मागू नका, माझं मन सांगतं.

अण्णा: मन सांगतं म्हणजे व्युत्पत्ती झाली?

मालवणी मेवा: अण्णांनू, कोश तरी खंयच्या पुराव्यान इलो?

रानातला: बाई, खरा घोळ ‘गोळी’चा आहे. दुकानात अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतात, डॉक्टर अंगातून काढतो तीही गोळी. तुमच्या लेखात .३८ स्पेशल आलं तर जपा. त्यातल्या गोळीचा व्यास .३५७ इंचच आहे, .३८ हे नाव पुंगळीच्या बाहेरच्या मापाचं. आणि १९३५ चं .३५७ मॅग्नम त्याच जाडीचं, फक्त पुंगळी साधारण ३ मिमी लांब, जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. तिथे ‘गोळी लांब केली’ लिहिलंत तर अनर्थ.

अनुवादिका: नेमकं तेच लिहिलं होतं. ☹ उद्या लेख द्यायचाय. पुंगळीच ठेवू?

खारेपाटणकर: काडी-तूस एकदा नीट विचार करून बघा. आमच्याकडे अजूनही…

वेंगुर्लेकर: वखारीची पार पडझड झालीय हो. भिंती तेवढ्या उरल्यात.

मालवणी मेवा: आत सोडतत काय? मे म्हयन्यात येतंय.