मदत हवी आहे: स्टॅनमध्ये एकच समीकरण उलट बाजूने लिहिल्यावर टाऊ वेगळा का येतो?

नमस्कार.

मी स्टॅनमध्ये (सांख्यिकी मॉडेल लिहून चालवण्याच्या संगणकीय भाषेत) एक श्रेणीबद्ध मॉडेल लिहीत आहे. त्यात १२ गट आहेत, प्रत्येक निरीक्षण होय किंवा नाही अशा स्वरूपाचे आहे, आणि प्रत्येक गटाचा परिणाम, म्हणजे थीटा, हा म्यू सरासरी व टाऊ प्रमाण विचलन असलेल्या नॉर्मल वितरणातून येतो असे मी धरले आहे. टाऊला अर्ध-नॉर्मल प्रायर (निरीक्षणे पाहण्याआधी धरलेले वितरण) दिला आहे. हेच गणित कोडमध्ये अनेक प्रकारे लिहिता येते. त्यांतील कोणते प्रकार खरोखर एकमेकांच्या जागी चालतात, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

दोन गोष्टी उलगडल्या आहेत. टिल्ड (~) वापरलेली ओळ आणि टार्गेटमध्ये (स्टॅन ठेवतो त्या एकूण लॉग-घनतेच्या बेरजेत) लॉग-घनता मिळवणारी ओळ यांतून पोस्टिरिअर (निरीक्षणे पाहिल्यानंतरचे वितरण) तेच मिळते. टिल्ड स्थिर पदे गाळते, एवढाच फरक. दुसरे, इन्व्हर्स-लॉजिटने (कोणत्याही आकड्याचे ० ते १ मध्ये रूपांतर करणाऱ्या फलनाने) संभाव्यता काढून ती बर्नुलीला (होय-नाहीच्या वितरणाला) देणे आणि थेट बर्नुली-लॉजिट वापरणे हे बीजगणितात एकच असले, तरी यंत्राच्या मर्यादित अचूकतेत आत दिलेला आकडा साधारण ३७ च्या पुढे गेला की इन्व्हर्स-लॉजिट नेमका १ होतो, मग एखादे निरीक्षण ‘नाही’ असेल तर त्याची लॉग-घनता ऋण अनंत होते आणि सॅम्पलर (पोस्टिरिअरमधून नमुने काढणारा स्टॅनचा भाग) ते मूल्य नाकारतो. माझ्या एका चलाची मोजपट्टी मोठी असल्यामुळे हे मला प्रत्यक्ष भोवले.

अडले आहे ते पुढील तीन मांडण्यांपाशी.

(क) थीटा हा प्राचल (सॅम्पलर ज्याची मूल्ये थेट काढतो ती राशी). थीटा ~ नॉर्मल(म्यू, टाऊ).
(ख) झेड हा प्राचल; झेड ~ नॉर्मल(०, १); थीटा = म्यू + टाऊ × झेड.
(ग) थीटा हा प्राचल; झेड = (थीटा − म्यू) / टाऊ; झेड ~ नॉर्मल(०, १).

(क) मध्ये काही डायव्हर्जन्स (सॅम्पलरची गणिती वाट चुकल्याच्या सूचना) येतात, (ख) मध्ये येत नाहीत, पण दोन्हींतील टाऊ जवळपास जुळतो. (ग) मध्ये मात्र टाऊ कितीतरी मोठा येतो. (ख) आणि (ग) मधील समीकरण एकच असून मी ते केवळ फिरवून लिहिले आहे. येथे जॅकोबियनची दुरुस्ती (चल बदलताना घनतेला लागणारा गुणक) हवी असेल, तर ती (ख) ला का लागत नाही?

प्रतिसाद:

समीकरण एकच आहे, पण प्राचल म्हणून काय जाहीर केले आहे ते बदलले आहे, आणि स्टॅन घनता मोजतो ती जाहीर केलेल्या प्राचलांवर. (ख) मध्ये घनता झेडवर आहे आणि प्राचलही झेडच आहे. थीटा हा त्यातून काढलेला आकडा असल्यामुळे दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. (ग) मध्ये प्राचल थीटा आहे, घनता मात्र झेडवर लिहिली आहे. थीटाकडून झेडकडे जाताना प्रत्येक गटामागे १/टाऊ हा गुणक येतो, तो तुमच्या कोडमध्ये कुठेच नाही. १२ गटांचे असे १२ गुणक गळल्यामुळे तुमच्या अर्ध-नॉर्मल प्रायरला नकळत टाऊचा बारावा घात गुणला गेला, म्हणून टाऊ वर सरकला. टार्गेटमधून १२ × लॉग(टाऊ) वजा करून पाहा.

डायव्हर्जन्सचा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक गटात निरीक्षणे थोडी असतील तर (क) मध्ये टाऊ शून्याजवळ जाताच थीटाची जागा अरुंद नरसाळ्यासारखी होते आणि सॅम्पलर तेथे अडखळतो, म्हणून (ख) बरी पडते. निरीक्षणे भरपूर असतील तर बहुधा (क) च चांगली चालते.

धागाकर्ता:

मनापासून आभार. ते पद वजा केल्यावर (ग) चा टाऊ (क) शी जुळला आणि तेच डायव्हर्जन्सही परत आले, म्हणजे दुरुस्त केलेली (ग) ही (क) च आहे. माझ्या काही गटांत जेमतेम चार-पाच निरीक्षणे असल्यामुळे मी (ख) ठेवत आहे.