लिटल रॉक : सैन्य आल्यानंतरचं वर्ष
१९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलं दाखल व्हायची होती आणि गोऱ्यांचा त्याला कडवा विरोध होता. कुणीतरी लिहिलंय की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने सैन्य पाठवलं आणि त्या शाळेचा प्रश्न मिटला. मला नाही पटत, खरी परीक्षा तर तिथून सुरू झाली. त्या नऊ जणांतल्या एलिझाबेथ एकफर्डचा तो फोटो बहुतेकांनी बघितला असेल, ४ सप्टेंबर १९५७, पंधरा वर्षांची पोरगी, घरी फोन नाही म्हणून बाकीच्या मुलांसोबत जायचंय हा निरोप पोचलाच नाही आणि ती एकटीच, घरी शिवलेला ड्रेस घालून, अंगावर ओरडणाऱ्या जमावातून चालत गेली, आणि नॅशनल गार्डच्या (राज्याच्या गव्हर्नरने उभ्या केलेल्या राखीव दलाच्या) जवानांनी अडवलं ते तिलाच (गोरी मुलं मात्र आत जात होती). मग बसस्टॉपच्या बाकावर बसून राहिली. पण त्या फोटोपेक्षा मला जास्त भिडतं ते हे, की ती परत त्याच शाळेत गेली. २५ सप्टेंबरला नऊही जण आयझेनहॉवरने पाठवलेल्या सैनिकांच्या पहाऱ्यात आत गेले खरे, पण सैनिक वर्गात, बाथरूममध्ये थोडेच येणार, तिथे ढकलणं, थुंकणं, लाथा हे रोजचंच. नऊ जणांतल्या मेल्बा पटिलोच्या तर डोळ्यांत ॲसिड फेकलं. मिनिजीन ब्राउनला फेब्रुवारीत शाळेतून काढून टाकलं, उरलेले आठ वर्षभर टिकले. मे १९५८ मध्ये त्यांच्यातला अर्नेस्ट ग्रीन डिप्लोमा (शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) घ्यायला स्टेजवर गेला तेव्हा सभागृह गप्प होतं. पुढच्या वर्षी तर काळी-गोरी मुलं एकत्र शिकायला नकोत म्हणून शहरातली चारही सरकारी हायस्कूल बंदच ठेवली. एलिझाबेथला त्या शाळेचा डिप्लोमा कधी मिळालाच नाही, राहिलेलं शिक्षण तिने बाहेरून पूर्ण केलं.