‘खो’ येण्याआधी मेंदू काय करतो? डोक्यावर चुंबकाचा ठोका देऊन ते शोधावं का?

पाचपाखाडीकर

ठाण्यात बरीच वर्षं मुलींना खो-खो शिकवतोय. चौरसात बसलेली मुलगी रोज बघतो. टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला टेकलेली, नजर समोरच्या पळतीवर. सगळं अंग निघायला तयार, पण पाठीमागून ‘खो’ आल्याशिवाय उठायचं नाही. उठली की फाउल. मी धरून चाललो होतो की त्या क्षणी मेंदूत नुसता जोर चढत असणार.

गेल्या महिन्यात नवी मुंबईत भाचीच्या प्रयोगाला बसलो. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागावर दोन चकत्या चिकटवल्या, कानात बोळे घातले आणि डोक्यावर चुंबकाचा ठोका देणारी, इंग्रजी आठाच्या आकाराची कॉइल (तारेचं वेटोळं) धरली. टक् असा आवाज झाला आणि तर्जनी आपली आपण उडाली. दुखलं अजिबात नाही. त्या उडण्याची उंची संगणकावर दिसते. उंची जास्त, म्हणजे मेंदूपासून हातापर्यंतची वाट त्या घडीला जास्त जागी.

मग पडद्यावर आधी कुठला हात ते कळतं, जरा थांबून बटण दाबायची खूण येते. मधल्या वेळात ठोका देतात. मला वाटलं, तयार हाताचं बोट जास्त उडेल. उलट ते कमी उडतं! नुसतं दुसऱ्या हाताचं नव्हे, ज्या हाताने दाबायचंय त्याचंही. स्नायू हलायच्या साधारण 100 मिलिसेकंद आधी मात्र उंची झपाट्याने चढते. जगभर अनेक प्रयोगशाळांत हेच दिसलंय, असं भाची म्हणाली.

म्हणजे तयारीतच आवरून धरणंही असतं. बाहेरून बघून हे कुणाला कळलं असतं? माझं स्पष्ट मत, असे प्रयोग आपल्याकडे भरपूर व्हावेत आणि धडधाकट माणसांनी त्यांना बसावं.

नेरूळची फिजिओ

सर, मी असहमत आहे. बोट कमी उडालं म्हणून आवरणारा मेंदूच, असं कसं म्हणायचं? ठोक्याचा संदेश पाठीच्या कण्यातून खाली येतो. लगाम तिथेही असू शकतो. त्यात एका ठोक्याला बोट उडतं तेवढं पुढच्याला उडत नाही, कॉइल जराशी सरकली तरी आकडा बदलतो, म्हणून वीस-वीस ठोक्यांची सरासरी काढावी लागते. शिवाय कॉइलच्या ‘टक्’ आवाजानेच माणूस लवकर बटण दाबतो.

आणि हे यंत्र महाग आहे. माझ्याकडे पक्षाघाताच्या एक आजी येतात. मूठ वळते, उघडत नाही. बोटं एकेक करून मी सोडवते, तर पाच मिनिटांत परत मिटतात. गर्दीमुळे त्यांना आठवड्यातून दोनच वेळा देऊ शकते. पैसा आधी तिथे जावा.

कोपरीचा तंत्रज्ञ

निवृत्त आहे, हयात इईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख, काढण्यात गेली, म्हणून लिहितो. हालचालीच्या आधी मेंदूत विजेची हळू चढण दिसते, हे कॉर्नहूबर आणि डीके यांनी 1965 सालीच दाखवलं. पण इईजी म्हणजे दाराला कान लावणं. आत कुणीतरी वावरतंय एवढं कळतं. ठोका दिला की दार वाजवून बघता येतं.

1980 साली मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून विजेचा झटका देऊन हात हलवला, पण तो चांगलाच दुखायचा. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला बार्कर यांनी तेच काम चुंबकाने, न दुखवता केलं. पुढे 1989 सालचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. खूण मिळाल्यावर, हात हलायच्या जरा आधी जोरदार ठोका दिला तर हालचाल 150 मिलिसेकंदांपर्यंत लांबते, पण नंतर होते ती अगदी ठरल्याप्रमाणे. ठोक्याने बेत पुसला जात नाही, अडतं ते फक्त निघणं. ताई, हे आयुष्यभर इईजी काढूनही मला कळलं नसतं.

घोडबंदरची आई

सुई टोचत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. माझ्या मुलाला लहानपणी आकडी यायची. मागे एका ठिकाणी स्वयंसेवक हवेत म्हणून तो पैशांसाठी गेला. फॉर्म पूर्ण इंग्रजीत, आकडीचा प्रश्न तिसऱ्या पानावर. त्याने न वाचता सही केली. मी घरी प्रत वाचली म्हणून तो बसला नाही. 1874 साली अमेरिकेत बार्थोलो नावाच्या डॉक्टरने एका आजारी बाईच्या उघड्या मेंदूत सुया घालून वीज सोडली होती. तिला झटके आले आणि काही दिवसांनी ती गेली. आजचं तंत्र तसं नाही हे मान्य, पण ज्याच्या डोक्याला हात लावायचा त्याला आधी त्याच्या भाषेत सांगा.

कोपरीचा तंत्रज्ञ

ताई, शंभर टक्के बरोबर. एकेका सुट्या ठोक्याने आकडी येण्याचा धोका फार कमी, लागोपाठ ठोक्यांच्या माळेत जास्त. म्हणून तर 1998 पासून जगभरात त्याचे लेखी नियम आहेत. आकडीचा इतिहास, डोक्यात धातू, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर हे सगळं आधी तोंडी विचारायलाच हवं.

पाचपाखाडीकर

माझी भाची तोंडीच विचारते, मराठीत. पण फॉर्म तिचाही इंग्रजीतच आहे. ते चुकलंय.

फिजिओताई, तुमच्या आजींबद्दल. भाचीने सांगितलेलं लिहितो. उजवा-डावा मेंदू एकमेकांना दाबून धरतात. निरोगी माणसात हालचालीच्या तोंडावर हा दाब सुटतो. 2004 साली पक्षाघाताच्या जुन्या रुग्णांत पाहिलं, तर चांगल्या बाजूचा दाब सुटतच नव्हता. हे कळलं ते तयारीच्या क्षणाला ठोके दिल्यामुळेच.

नेरूळची फिजिओ

हो, ते मी वाचलंय आणि त्यावर विश्वासही ठेवला होता. त्यावरूनच चांगली बाजू चुंबकाने शांत करायचे उपचार निघाले. 2018 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत खरा ठोका आणि नुसता दिल्यासारखा भासवलेला खोटा ठोका यांत फरकच निघाला नाही. दोन्हीकडचे रुग्ण सारखेच सुधारले. माझ्या पेशंटच्या घरचे तेव्हा विचारत होते, कर्ज काढून हा उपचार करू का? मी ‘थांबा’ म्हणाले, पण ‘नको’ म्हणायची हिंमत नव्हती. तेव्हापासून सुंदर गोष्ट ऐकली की मला भीती वाटते.

हेच यंत्र न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला कसं वापरतात बघा. पक्षाघातानंतर पहिल्याच आठवड्यात, ज्यांचा हात फारच कमजोर आहे त्यांना ठोका देतात. बोट उडालं तर वाट शाबूत, हात बराच परत येण्याची आशा. त्यावरून व्यायाम ठरतो. असं यंत्र आणा, मी उद्या रांगेत उभी राहीन.

पाचपाखाडीकर

पण बोट का उडतं, केव्हा कमी उडतं, हे आधी धडधाकट माणसांत मोजलं म्हणूनच ऑकलंडवाल्यांना त्या उडण्याचा अर्थ लावता आला ना? चाचणी फसली, म्हणजे तयारी आपल्याला अजून पुरती कळलेली नाही. मग मोजणं थांबवायचं कसं? मी येत्या शनिवारी परत बसतोय.

नेरूळची फिजिओ

बसा. मनगटाच्या नसेलाही विजेचा ठोका देऊन कण्याची बाजू वेगळी मोजतात का, तेवढं भाचीला माझ्यातर्फे विचारा. मोजत असेल तर मीही येईन. यंत्राच्या पैशांबद्दलचं माझं मत तेच आहे.

घोडबंदरची आई

माझा मुलगा बसणार नाही. पण सर, तो फॉर्म मला पाठवा. मी मराठी करून देते, आकडीचा प्रश्न पहिल्या ओळीत.